देवकाला नमस्कार

अभयारण्यात चोबे नदीच्या वाटेवर एक हत्ती उभा होता आणि त्याच्यापायी खोळंबलेल्या तीन उघड्या गाड्यांत चौदा माणसं. प्राणिशास्त्र शिकलेल्या गोफाओनेला पुढच्या गाडीतली आजी आणि वाटाड्या यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"आजी, अवाक्षर काढू नका."

"हत्ती आमचं देवक, पोरा. नमस्कार न करता पुढं गेले तर घरी काय सांगू?"

"मनातल्या मनात करा."

"आईला मनातल्या मनात हाक मारतोस होय?"

"तो बिथरला, तर गाडीत लेकरं आहेत. माझा परवानाही जाईल."

"तुझं देवक कोणतं?"

"हत्तीच."

"मग तूच कर. माझा आवाज फाटका."

वाटाड्या हळूच नमस्कार करत म्हणाला, "दुमेला, थोरल्या."

हत्तीनं कान पसरले आणि तो पुन्हा पाला ओरबाडू लागला. गोफाओनेनं हत्ती आणि पुढच्या गाडीमधलं अंतर नजरेनं मोजलं. फक्त अकरा मीटर.