कंपाउंडरचे त्रेसष्ट मासे

…आणि नेमका तेव्हाच तिचा नंबर लागला! आता तुम्हीच सांगा, ह्याला काय म्हणायचं? पाऊण तास मी दवाखान्याच्या त्या बाकावर बसलेय, गुडघा दाखवायला गेले होते तो गुडघाही बिचारा दुखायचा विसरला, कारण शेजारची चष्मेवाली बाई पलीकडचीला हळू आवाजात सांगत होती, आणि हळू आवाजात सांगतात म्हणजे ऐकण्यासारखंच असणार ना? “अहो, टेलरनं म्हणे आपल्या कंपाउंडरला काहीतरी दिलं, आणि तेव्हापासून त्यांचा उजवा हातच…” “सतरा नंबर!” उठली की हो बाई! गेली आत! हातच काय? सुजला? वाकडा झाला? गळून पडला? अर्धं वाक्य पोटात घेऊन खुशाल डॉक्टरांपुढे जाऊन बसली, आणि मी औषधाच्या खिडकीकडे बघते तर खिडकीत कंपाउंडर नाहीच! आठ दिवस रजेवर म्हणे!

तुम्हाला सांगते, मला दुसऱ्याच्या भानगडीत काडीचा रस नाही. मला काय करायचंय म्हणा! पण टेलर पडला माझा शेजारी, भिंतीला भिंत, त्याचं मशीन चाललं की माझ्या मांडणीतल्या कपबश्या वाजतात. आणि त्यानं कुणाला काही खाऊपिऊ घातलं असेल तर उद्या पोलीस माझ्याच दारात विचारायला येणार की नाही? मग माहिती नको? गुडघा न दाखवताच उठले, घरी आले, उशीचा एक अभ्रा घेतला, त्याची शिवण स्वतःच्या हातानं उसवली आणि गेले त्याच्या दुकानात.

आता हे दोघं कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई मधूनच सुरू झाली. टेलर आणि कंपाउंडर, तीस वर्षांची दोस्ती. दर रविवारी नदीवर मासे धरायला. आणि कसे? गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही… पिसांची खोटी माशी! एवढ्याशा गळावर कोंबड्याची पिसं आणि रेशमाचा दोरा गुंडाळून टेलर अशी माशी बांधतो की खरी माशी बघून लाजेल. मग ती लांबलचक दोऱ्याला लावायची, काठी डोक्यावरून मागे-पुढे, मागे-पुढे, जसं काही नदीला वारा घालताहेत, आणि अलगद पाण्यावर टेकवायची. मासा फसला की त्याला जवळ घ्यायचं, बघायचं, कौतुक करायचं आणि… सोडून द्यायचं! हो! सोडून! मी एकदा म्हटलं, “भाऊ, मग धरता कशाला?” तर माझ्याकडे असं बघितलं की जसं मी विचारलंय, श्वास कशाला घेता. आणि ती पिसं कुठून येतात? माझ्या कोंबड्याच्या मानेची! माझा कोंबडा वर्षभर मफलर हरवल्यासारखा हिंडतोय. त्याचा हिशेब मी अजून चुकता केलेला नाही, ध्यानात ठेवलाय फक्त.

बरं, दोस्ती तरी कशी? कंपाउंडरला जवळचं दिसत नाही. डॉक्टरांचं अक्षर लागतं, पण गळाचं नाकं दिसत नाही, आणि चष्मा लावायचा नाही, का तर म्हातारा दिसेन. म्हणून माशी दोऱ्याला बांधून द्यायची टेलरनं. आणि टेलरला पोहता येत नाही. पाण्याची त्याला अशी धास्ती की तांब्यातलं पाणीसुद्धा जपून ओततो. म्हणून नदीतल्या दगडांवरून पलीकडे जाताना त्याचं कोपर धरायचं कंपाउंडरनं. एकाचे डोळे, दुसऱ्याचे पाय, असा दोघांत मिळून एक अख्खा माणूस.

पलीकडच्या काठावर टेलरची जागा. मोडक्या पुलाच्या खाली, एक वाकडं झाड पाण्यावर ओणवलेलं, त्याची पिकली फळं टपकन पाण्यात पडतात आणि खाली मासे तोंड उघडून पंगतीला बसल्यासारखे. टेलरनं ती जागा शोधायला सात उन्हाळे घातले. त्या फळासारखी दिसणारी जांभळ्या लोकरीची गोळी शिवली, तिच्यात गळ लपवला. आणि ह्या लोकांत एकच कायदा, जागा सांगायची नाही. बायकोला नाही, भावाला नाही, मरताना विचारलं तरी नाही. टेलरनं ती दाखवली एकट्या कंपाउंडरला.

आणि कंपाउंडरनं काय करावं? फोटो काढावा! मासा वीतभर. पण ह्याला दाखवायचा हातभर. मग दोन्ही हात पुढे, ताणून, कॅमेऱ्याच्या नाकाशी मासा, म्हणजे तो दिसतो मगरीएवढा. छातीशी धरला असता तर मागचं झाकलं असतं ना! पण नाही. मासा पुढे, आणि मागे स्वच्छ, लख्ख, मोडका पूल आणि वाकडं झाड. दवाखान्यातल्या सगळ्या फोनांवर गेला तो फोटो. पुढच्या रविवारी टेलर जाऊन बघतो तर झाडाखाली अकरा टोप्या! मोजल्या त्यानं. अकरा! एक जण तर घडीची खुर्ची घेऊन आलेला.

टेलर भांडला असता तर बरं झालं असतं हो, चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. पण नाही. घरी आला, मशीनवर बसला, आणि तुम्हाला सांगते, त्या दिवशी मशीनचा आवाजच वेगळा होता. माझ्या कपबश्यांना कळलं. ह्या माणसाच्या पोटात काहीतरी शिजतंय. मला काय करायचंय म्हणा!

तर मी अभ्रा घेऊन गेले. “भाऊ, एवढी शिवण मारून द्या.” तो म्हणाला, “वहिनी, ह्या महिन्यातला हा सहावा. उश्या तुम्ही झोपायला वापरता की कुस्ती खेळायला?” मी लक्षच दिलं नाही. माझं लक्ष त्याच्या टेबलावरच्या लोहचुंबकावर. सांडलेल्या टाचण्या गोळा करायला ठेवतो ना, तो. त्याला टाचण्या होत्याच, पण एका कडेला काय चिकटलेलं? तांदळाच्या कणीएवढी, वाकडी, टोकदार… टोकं! गळांची टोकं! बारा! मी वर बघितलं. टेलर माझ्याकडे बघतच होता.

“भाऊ,” म्हटलं, “खरं सांगा, कंपाउंडरभाऊंना काय दिलंत?”

आणि हसला हो! असा हसला की अंगावर काटा. “भेट दिली, वहिनी. बारा माश्या. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात देखण्या. प्रत्येकीला वीतभर दोरा, फास करून दिलेला, नुसत्या अडकवायच्या. फक्त…” आणि पक्कड उचलून हवेत एकदा वाजवली, कट्! टोकं छाटलेली! पिसांच्या झग्याआड दिसतही नाही. मासा येणार, गपकन धरणार, ओढणार… आणि थू करून निघून जाणार! कंपाउंडरला संशय कसा येईल? तीस वर्षांत त्यानं टेलरचं काम कधी तपासून घेतलं नव्हतं.

“चार रविवार!” टेलर बोटं मोजत म्हणाला. “त्याला म्हटलं माझी पाठ धरलीय, तूच जा. आणि मी अलीकडच्या झुडपात, चहाचा थर्मास घेऊन. काय सांगू वहिनी… ‘आला! आला! आयला, गेला!’ दर दहा मिनिटांनी! अकरा टोप्या त्याच्याकडे बघून हसतायत! चहा इतका गोड कधी लागला नाही मला, आणि मी बिनसाखरेचा पितो!” डोळे असे चमकत होते त्याचे. सात उन्हाळ्यांचा सूड. आणि खोटं कशाला बोलू, मलाही गंमतच वाटली. मी तर सुचवलं, पुढच्या खेपेला दोराही अर्धवट कापून द्या.

तेवढ्यात दारात कंपाउंडर! दाढी वाढलेली, हातात मासे धरायची ती काठी, नीट गुंडाळून, पिशवीत घातलेली. मी अभ्रा तोंडाशी धरून कोपऱ्यात सरकले. मला काय करायचंय म्हणा!

“ही ठेव,” कंपाउंडर म्हणाला. “तुझ्याकडेच राहू दे.”

“का रे? काय झालं?” टेलर, चेहरा साखरेसारखा.

“माझा हात गेला रे.” असं म्हणून त्यानं खिशातून कागद काढला. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा कागद, आणि त्यावर उभ्या रेघा. “चार रविवार. त्रेसष्ट वेळा ओढ लागली, त्रेसष्ट वेळा निसटला. एक नाही टिकला. माझा हात उशिरा चालतो. मला ओढ कळते आणि हात हलेपर्यंत… डॉक्टरांनी हातोडी मारून बघितलं, रक्त काढलं, म्हणाले काही नाही. पण मला कळतं ना. मासे खोटं बोलतात का? अरे, हा हात असा असेल तर मी लेकरांची औषधं कशी मोजू? एक थेंब इकडचा तिकडे झाला तर? सोमवारी राजीनामा देतोय.”

तुम्हाला सांगते, टेलरचा चेहरा मी बघितला. तापलेली इस्त्री वर तशीच राहिली की कापड होतं ना, तसा. तोंड उघडलं, मिटलं. मशीनचं चाक उगाच फिरवलं. पुन्हा उघडलं, मिटलं. त्याच्याच नदीतला मासा झाला होता. मी त्याच्याकडे बघतेय, डोळ्यांनी खुणावतेय, अहो बोला, बोला, माणूस नोकरी सोडतोय! आणि तो काय म्हणाला माहितीये? “चहा घेतोस?”

चहा! मग माझं डोकंच फिरलं. मी चुंबक उचलला आणि कंपाउंडरच्या नाकासमोर धरला. “भाऊ, हे बघा! तुमच्या हाताला काही झालेलं नाही! ही बघा टोकं!”

“काय आहे? मला दिसत नाही.”

झाला का घोटाळा! शेवटी माझा चष्मा काढून त्याच्या नाकावर ठेवला. फुलांच्या काड्यांचा, गुलाबी. त्यानं चुंबक जवळ घेतला, लांब घेतला, मोजलं, एक, दोन, बारा. तेवढ्यात भिंतीपलीकडे गॅसवरचं माझं दूध उतू गेलेलं ऐकू आलं. गेले का मी? मुळीच नाही. दूध काय, उद्याही उतू जाईल.

“फोटो,” टेलर एवढंच म्हणाला. “अकरा टोप्या.”

मला वाटलं आता हा त्याला धरून आपटणार. निदान कात्री तरी फेकेल. मी दोन पावलं मागे, म्हणजे नीट दिसावं म्हणून. तर कंपाउंडर त्या गुलाबी चष्म्यातून वर बघत म्हणाला, “म्हणजे… मासे येत होते?”

“येत होते.”

“त्रेसष्ट?”

“असतील.”

“माझ्या हातानं टाकलेल्या माशीला, त्रेसष्ट?”

“अरे पण पकडले कुठे?” टेलर उसळला.

“आपण सोडतोच ना पकडून? हे आपले आपण सुटले. माझे हात ओले झाले नाहीत, एवढंच!” आणि कागदाची घडी घालून अशी खिशात ठेवली, जसं काही सुवर्णपदक. “तुझा एका दिवसातला जास्तीत जास्त किती? नऊ ना? बरं. रविवारी ये. पाठ बरी झाली असेल तुझी.”

त्याचा तो आवाज मला आवडला नाही. फार गोड होता. आता रविवारी मला नदीवर काही काम होतं का? नव्हतं. पण सकाळची हवा गुडघ्याला चांगली, असं कुठल्यातरी डॉक्टरांनी म्हटलेलं असणारच.

गेले. बसले काठावर. पलीकडे अकरा टोप्या, झाड, खुर्ची, सगळं. दोघं दगडांवरून निघाले, कंपाउंडरनं टेलरचं कोपर धरलेलं, नेहमीसारखं. एक दगड, दोन दगड, पाच… आणि सातव्या दगडावर, जिथे पाणी जोरात पळतं, तिथे कंपाउंडर थांबला. आणि कोपर सोडलं! नुसतं सोडलं नाही, दोन्ही हात खिशात घातले!

“अरे धर! धर लेका!” टेलर एका पायावर, दुसरा हवेत, हातातली काठी वाऱ्यावर.

“आधी सांग. मोठ्यानं. टोप्यांना ऐकू जाऊ दे.”

“काय सांगू?”

“त्रेसष्ट मासे कुणाचे?”

“तुझ्या…” आणि त्यापुढे टेलरनं जे काय म्हटलं ते मी इथे सांगत नाही, पण पाण्यानं जोर केला, पाय घसरला, आणि माझा शेजारी, उभ्या आयुष्यात कुणापुढे न वाकलेला माणूस, अकरा टोप्यांसमोर ओरडला, “तुझे! तुझे! त्रेसष्टच्या त्रेसष्ट तुझे!” टाळ्या वाजल्या हो पलीकडून! खुर्चीवाला तर उभा राहिला!

कंपाउंडरनं कोपर धरलं. वर असंही म्हणाला, “आणि जागेचं चुकलं माझं. हात जवळ घ्यायला हवे होते.” पण ते हळू म्हणाला. टेलरला ऐकू जाईल एवढंच. आणि मला.

सोमवारी कंपाउंडर खिडकीत हजर. मीही दवाखान्यात हजर, गुडघा राहिलाच होता ना. आणि बाकावर कोण? तीच चष्मेवाली! म्हटलं, बाई, आता ऐक. तुझं अर्धं वाक्य मी पुरं करून आणलंय, उन्हातान्हात नदीपर्यंत जाऊन. सगळं सांगितलं. टेलरनं दिलं हे खरं, पण विष नाही, माश्या. हाताला काही झालं नाही, हात ठणठणीत, बघा खिडकीत कसा टकाटक गोळ्या मोजतोय. पाऊण तास सांगितलं, टोकं, टोप्या, सातवा दगड, एक अक्षर गाळलं नाही.

बाईनं सगळं ऐकून घेतलं. जांभई दिली. म्हणाली, “एवढंच होय?”

आणि पलीकडचीकडे वळली. “तुम्ही ऐकलंत का? त्या टेलरला म्हणे कंपाउंडरनं नदीत…”

“अठरा नंबर!”

माझा होता हो. गेले आत.