गाड्या नसलेल्या रस्त्यावरचा अपघात

तुम्ही इथे क्युपर्टिनोत ट्रॅफिकच्या नावाने रडता, पण मला ठोकलं ते रिकाम्या रस्त्यावर. सायप्रसच्या डोंगरात खडीच्या वाटेवर सायकल चालवत होतो. सकाळपासून चिटपाखरू दिसलं नव्हतं. एका वळणावर समोरून अचानक एक सायकलवाला आला. मी पुण्याच्या सवयीने डावीकडे घेतली, त्याने त्याच्या उजवीकडे. दोघंही आडवे.

मी म्हणालो, "सॉरी." तो म्हणाला, "आई गं."

नागपूरचा निघाला, अमेरिकेत बॉथेलला सॉफ्टवेअरमध्ये. गुडघा चोळत म्हणाला, "अहो, राइटने चालवायची ना."

"ते अमेरिकेत. इथे लेफ्ट असेल."

"असेल म्हणजे? एअरपोर्टवरून टॅक्सी कुठल्या बाजूने आली?"

"मी झोपलो होतो. तुमची?"

"मीपण झोपलो होतो, यार."

तेव्हा फोनवर बघायची सोय नव्हती. एखादी गाडी कुठल्या बाजूने जाते ते बघू, मग चूक कुणाची ते ठरवू, म्हणून दोघं दगडावर बसलो. बराच वेळ गेला.

शेवटी त्याने हळूच विचारलं, "तुम्ही हीच वाट का घेतली?"

"इथे गाड्या येत नाहीत म्हणून."

"हो ना," तो म्हणाला. "मीपण."