खिचडीनंतरचा तास

तुम्ही दोघी उद्या शाळेवर रुजू होताय, म्हणून चहा निवायच्या आत एक सांगते. वर्गात ओरडू नका. पण माझ्याइतकं हळूही बोलू नका!

रेवदंड्याच्या शाळेत मी नवीन होते. दुसरीचा वर्ग. पहिल्याच आठवड्यात ओरडून ओरडून माझा घसा बसला. आमच्या मुख्याध्यापिका, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणायचे, मला म्हणाल्या, "अगं, आवाज चढवू नकोस, उतरव. मुलं आपोआप कान देतात."

दुसऱ्या दिवशी दुपारची खिचडी खाऊन मुलं वर्गात आली आणि मी अगदी कुजबुजत एका माशाची गोष्ट सुरू केली. काय सांगू, वर्ग खरंच शांत झाला! इतका, की खिडकीतून समुद्र ऐकू यायला लागला. माझा मासा खोल खोल चालला होता. एकेक डोकं बाकावर टेकत होतं. मी आवाज आणखी उतरवला, खुर्चीत जराशी टेकले, आणि त्या माशामागून मीही गेले.

"काय चाललंय काय इथे?"

दारात मोठ्या बाई! मला जाग आली, पण डोळे उघडायची हिंमत होईना. सगळ्या वर्गात पहिल्या बाकावरची जान्हवी तेवढी जागी होती. ती हळूच म्हणाली, "बाई, हलू बोला ना. वरडू नका त्यांना. नवीन हायत त्या."