गर्डरच्या कडेवरचे खांब

थेरेसा : पत्र मिळालंच नाही असं नका सांगू भिवाला. तीन आठवडे तुमच्या त्या जाड पुस्तकात खूण म्हणून पडलंय.

सेलेस्टीन : मिळालं नाही असं कुठे म्हणालो मी? मिळालं. चारदा वाचलं. उत्तर तेवढं गेलं नाही.

भिवा : युजीनसाहेब रोज टपालवाल्याची वाट बगतात, काका. शेवटी मना बोलले, भिवा, तू लग्नाला ठाण्याला चाललाच हायस, तर काकांच्या घरी जा. माझ्यावर रागावले का ते बघून ये.

सेलेस्टीन : रागावतोय कशाला? सख्खा पुतण्या, कल्याणला शाळा बांधतोय, आणि विचारतो कोणाला, तर मला. लिहायला बसलो की हात अडतो रे.

थेरेसा : मी सांगते तुला. कचेरीत नकाशे काढायचे ना हे, तेव्हा एका पुलाबद्दल ह्यांना शंका आली. साहेबाने आठ दिवस काम थांबवलं. निघालं काहीच नाही. सगळी कचेरी हसली. तेव्हापासून हे कशाखाली सही करत नाहीत. पेरू पिकलाय की नाही तेसुद्धा मला विचारतात.

सेलेस्टीन : पेरूचं तुला जास्त कळतं.

भिवा : साहेबांचं विचारणं येवढंच हाय. विलायती पोलादाचे गर्डर बसवले. त्यांच्यावर सागाचे खांब उभे केले, खांबांवर छप्पर चढलं. सोमवारपासून वरच्या मजल्यावर पोरी बसणार. गर्डर वजन घेईल ना?

सेलेस्टीन : घेईल. ते मी पहिल्याच दिवशी मांडून पाहिलं. मोडायचा नाही तो. मला खुपतंय ते दुसरंच. त्याने पत्राबरोबर पाठवलेल्या नकाशात खांब म्हणजे नुसती रेघ. ती गर्डरवर नेमकी कुठे टेकते ते दिसत नाही. खांब तूच उभे केलेस ना? कुठे ठेवलेस?

भिवा : कुठं म्हंजे? ठेवतात तिथंच. बाहेरच्या कडेला, कडेशी कड मिळवून. नायतर कठड्याची फळी सरळ कशी बसंल? माझा बापूस पण सुतार, तो तसंच करायचा. तुळईच्या मधोमध खाच मारली तर तुळई दुबळी होते, असं सांगायचा.

सेलेस्टीन : बरोबर सांगायचा. सागाची तुळई भरीव असते.

थेरेसा : मग असा चेहरा का केलात?

सेलेस्टीन : ते जाड पुस्तक दे. आणि माझ्या दोन रुंद लाकडी पट्ट्या. भिवा, पुस्तक असं उभं धर. एक पट्टी खाली, एक वर. हा तुझा गर्डर. वर-खाली आडव्या पट्ट्या, मध्ये फक्त एक उभा पत्रा. आता वरच्या पट्टीवर बोट ठेव. मधोमध. दाब.

भिवा : घट्ट हाय.

सेलेस्टीन : आता कडेला दाब.

भिवा : पट्टी वाकली. आणि... पुस्तक पण कलंडतंय, काका.

सेलेस्टीन : तेच. दोन दुखणी. पट्टीची कड वाकते हे एक, आणि सबंध गर्डर पिळवटतो हे दुसरं. वजनाचं गणित बरोबर येतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

थेरेसा : हे झालं पुस्तकाचं. तिथे तसं होतंय कशावरून?

सेलेस्टीन : तेच म्हणतोय मी. पुन्हा त्या पुलासारखं व्हायचं. पोलाद जाड असेल, पेलत असेल. मी न पाहता कसं लिहू?

भिवा : काकी, एक सांगू? साहेबांना बोललो नाय मी. मधल्या दोन खांबांच्या डोक्यावर फट पडलेली. नखाएवढी. मना वाटलं लाकूड सुकलं. पाचर मारली. आठ दिवसांनी पाचर ढिली झाली, मंग दुसरी मारली.

सेलेस्टीन : दोनच खांबांची?

भिवा : दोनच. बाकीचे पण त्याच लाकडाचे हायत.

सेलेस्टीन : मग लाकूड नाही सुकलं. खांब खाली गेलेत, गर्डरच्या कडेबरोबर.

भिवा : म्हंजे झाकलं ते मीच.

सेलेस्टीन : तू निदान फट तरी पाहिलीस. मी तीन आठवडे कागद पाहत बसलो. कोण जास्त चुकलं ते मागाहून बघू.

भिवा : मी आत्ताच उलटा जातो. लगीन राहू दे.

थेरेसा : भाचीचं लगीन सोडून? आणि तुझ्या शब्दावर कंत्राटदार छपराखालचे खांब हलवायचं काम करील?

भिवा : नाय करणार. साहेबांना पण लिहिलेलं लागेल त्याला दाखवायला.

थेरेसा : मग बाराच्या डाकेने पत्र जाऊ दे, उद्या पोचेल. बसा. लिहिता लिहिता मोठ्याने वाचा.

सेलेस्टीन : "चिरंजीव युजीन यास आशीर्वाद. सोमवारी वर मुली बसवू नयेत. आधी ओळंबा धरून मधल्या दोन खांबांखालच्या गर्डरचा कल पाहा. कललेला दिसताच जमिनीपासून टेकू लावून छपराचा भार त्यांवर घे. मग खांब मधोमध, उभ्या पत्र्याच्या नेमके वर आण. बुडाशी जाड लोखंडी पाट घाल. प्रत्येक खांबाखाली, पत्र्याच्या दोन्ही अंगांना, वरच्या आणि खालच्या पट्टीमध्ये लोखंडी तुकडे घट्ट बसव, म्हणजे पट्टीची कड वाकणार नाही. भिवाने फट पाहिली म्हणून हे कळले, त्यास बोल लावू नये..."

भिवा : ते नाय लिहिलंत तरी चालंल.

सेलेस्टीन : खरं आहे ते. "...मी म्हातारा झालो, माझे चुकतही असेल, तरी क्षमा..."

थेरेसा : ते खोडा.

सेलेस्टीन : थोडी शंका राहू दे गं.

थेरेसा : शंकेसाठी ओळंबा लिहिलात ना? मग क्षमा कशाची? तीन आठवडे उशीर झाला, त्याची मागा. आणि खाली सही करा. पूर्ण नाव.

(टपालपेटीपाशी.)

सेलेस्टीन : पत्ता बरोबर आहे ना?

थेरेसा : तीनदा वाचलात.

सेलेस्टीन : आणि गर्डर सरळच निघाला तर?

थेरेसा : तर पोरी चार दिवस उशिरा शाळेत बसतील. लोक तुम्हाला हसतील. मीही हसेन थोडी.

सेलेस्टीन : हं.

थेरेसा : टाका.

सेलेस्टीन : टाकलं. पडलं का आत? आवाज आला तुला?

थेरेसा : आला. आता हात बाहेर काढा.