कोमाद्रेचं बॅनर आणि जुसाराची बेडकं

...आणि धुतलं हो तिनं ते बॅनर! उतरवून, टाकीवर नेऊन, साबण लावून, चोळून, पिळून, परत आंब्याला नि गेटाला बांधून टाकलं. तुम्हाला सांगते, पोरगं विद्यापीठात लागलं की आमच्याकडे दारावर कापडी बॅनर लावतात, मी कुठं नाही म्हणते, पण लावायचं ते किती? एक पाऊस पडला की काढायचं ना? हिचा नातू एवरार्दो वकिलीला लागला तो आदल्या उन्हाळ्यात, मग जूनमध्ये संत जुआंवच्या सणाच्या होळ्या पेटल्या, विझल्या, नाताळ आला, गेला, तरी ते आपलं फडफडतंय, तेही बरोबर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. घेवडा निवडायला बसले की समोर एवरार्दो, कॉफी गाळायला उभी राहिले की समोर एवरार्दो. मला अक्षरओळख नाही, पण ते बॅनर मला तोंडपाठ! मी जळत नाही हं. नुसतं सांगते.

ही म्हणजे लिन्दाउरा, समोरची. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला हिनंच तिला हातांवर धरलं, तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो, म्हणजे नातं असं की कितीही भांडलात तरी सुटका नाही.

तर तो नाताळ सरल्यावर, आमच्याकडे उन्हाळा तेव्हाच, माझी नात जुसारा परीक्षेला बसली. तिची आई दिवसभर शिवणाच्या कारखान्यात, म्हणजे पोर वाढली माझ्याच मागे मागे. मार्क कसले पडले म्हणता! मी मनात म्हटलं, झालं, डॉक्टर. गेलाबाजार दातांची तरी डॉक्टर. तर ही म्हणते, आजी, जीवशास्त्र. का गं बाई? तर... बेडूक! बेडकांचा अभ्यास करायचाय म्हणे. आता वकील कुठं आणि बेडूक कुठं? बॅनरवर काय लिहायचं माणसानं?

बरं, बेडूक तर बेडूक, पण कुठले? आमच्याकडे पद्धत अशी की मार्क हातात आले की सरकारी साइटवर दोन विद्यापीठं टाकायची, पहिली पसंती, दुसरी पसंती, मग रोज सकाळी कट-ऑफ खालीवर होतं आणि शेवटच्या संध्याकाळपर्यंत पसंती फिरवता येते. घरात तापाचा पेशंट असावा तसं आम्ही उठल्या उठल्या विचारायचो, आज किती? आणि पोर टेबलावर कॉफीचे तीन ग्लास मांडून बसायची. हा ग्लास म्हणजे आपल्या राज्यातलं विद्यापीठ, बसनं सकाळी निघालं की जेवायला पोचतो. हा साओ पावलोतलं एक, नावाजलेलं. आणि हा तिकडे टोकाला, मनौसला, जंगलाच्या कडेचं. प्रयोगशाळा कुणाची चांगली, पहिल्या वर्षापासून रानात कोण नेतं, वसतिगृह कुणाचं... मी विचारलं, खानावळीत घेवडा काळा की तांबडा? टीव्हीवर नाव कुणाचं येतं? लिन्दाउराला कुठलं माहीत आहे?

"आजी, असं नसतं गं बघायचं."

"मग कुणाला विचारायचं, बेडकांना?"

"त्यांनाच," म्हणाली. हसली नाही हो!

तरी साओ पावलोचा ग्लास पुढे होता, मी रोज फडकं मारताना जरा जरा पुढे सरकवतच होते. आणि नेमकं त्याच आठवड्यात ही कोमाद्रे गेटावर रेलली आणि गोड आवाजात, तो तिचा आवाज, गुळाच्या पाकात बुडवलेली विळीच, म्हणाली, "जीवशास्त्र का? चांगलं आहे हो, ओदेते. शाळेत शिकवायला बरं पडेल. सगळ्यांनाच कुठं वकिली झेपते?"

मी जळत नाही हं! पण मी म्हटलं, "साओ पावलोला चाललीय ती. तुमचा एवरार्दो इथंच ना कुठंतरी, आपल्याच राज्यात?" आणि तिचं तोंड मिटायच्या आत थेट अदाउतो पेंटरकडे. त्याआधी, खरं ते सांगते, कोमाद्रे चर्चमध्ये मिस्साला गेली होती तेव्हा तिचं बॅनर झाडूच्या दांड्यानं मोजून ठेवलं होतं. अदाउतोला म्हटलं, याहून हातभर लांब. आणि साओ पावलो एवढं मोठं काढ की विमानातून दिसलं पाहिजे.

रंग वाळला. आणि शेवटच्या संध्याकाळी जुसारा माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"आजी, मी बदललं."

मनौस.

मी म्हटलं, अगं, नकाशात तरी आहे का ते? तिथून बसच येत नाही धड, आधी होडी, मग बस, मग आणखी बस. ती म्हणाली, तिथं खिडकी उघडली की ऐकू येतात, आजी. मी म्हटलं, आणि इथले काय मुके आहेत? आपल्या टाकीतला रोज ओरडून जीव खातो.

"त्याच्यापासूनच तर सुरू झालं ना," म्हणाली.

त्या बेडकावर मी मीठ घेऊन धावले होते, ही एवढीशी होती, टाकीला मिठी मारून बसली होती. तेव्हाच टाकायला हवं होतं मीठ! आज साओ पावलोला असती!

अदाउतोनं पांढरा हात मारून वर मनौस काढलं. लावलं बॅनर, तिच्याहून हातभर लांब, आणि ऊन पडल्याबरोबर खालचं साओ पावलो वर आलं! कोमाद्रेला वाचता येतं, दुर्दैव माझं. गेटात उभं राहून तिनं दोन्ही वाचलं, मोठ्यानं. "दोन-दोन ठिकाणी लागली का गं?"

"दोघांनी बोलावलं," मी म्हटलं. "तिच्यावरून भांडणं लागली त्यांची."

पोर गेली. आता रानात असते, फोन लागत नाही, लागला की काय पाठवते माहितीये? स्वतःचा आवाज नाही, बेडकाचा! वर विचारते, आजी, गोड आहे ना? टाकीवरचा तो गधडा ते ऐकून उत्तर देतो आणि मी मध्ये कॉफी घेऊन उभी. तिला त्यांचे आवाज ओळखता येतात, एकेकाचा. माझा खोकला तरी आठवत असेल का?

पावसानं बॅनर पार मळलं. मुलगी म्हणाली, काढ आता, आई. स्टुलावर चढले, गाठीला हात घातला... गाठ सुटेना. म्हणजे सुटत होती. मीच सोडेना.

समोरून कोमाद्रे आली, हातात साबणाची वडी.

"काढून टाकू नको. धू," म्हणाली. "आणि उलट्या बाजूनं चोळ, रंग जात नाही."

मी विचारलं, "एवरार्दो नाताळला आला होता का गं?"

ती गाठ सोडायला लागली. "त्याची परीक्षा होती," म्हणाली. नाताळला कसली आलीय परीक्षा? पण मी दुसरं टोक धरलं.

आता दर शनिवारी दोघी मिळून दोन्ही बॅनरं धुतो, एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. तिचं मात्र आधी वाळतं. आंबा तिचा, आंबे तिचे, आणि सावली तेवढी माझ्या दोरीवर.

मी जळत नाही हं. नुसतं सांगते.