गतीची वही

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलो होतो. शेजारी उजवा हात गळ्यात बांधलेले एक म्हातारे गृहस्थ होते आणि त्यांची मुलगी.

"बाबा, तुमच्या वहीबद्दल प्राध्यापकांचं पत्र येऊन महिना झाला. तेव्हाच तुम्हाला अर्धांगाचा झटका आला, म्हणून दिलं नाही."

"काय म्हणतात?"

"आधी शांत राहायचं कबूल करा."

"अगं, तीस वर्षं कारखान्यात लेथवर उभं राहून हाच विचार केलाय मी. आधी वस्तू आणि मग तिची गती, असं नाहीच मुळी. जगात मुळात आहे ती गतीच. ती स्वतःभोवती फिरायला लागली, की आपण तिला वस्तू म्हणतो. पटलं का त्यांना?"

"नाही. चाळिसाव्या पानावरचं गणित चुकलंय म्हणतात. पुढचं सगळं त्याच गणितावर उभं आहे."

"दाखव."

"घरी गेल्यावर बघू ना."

"आत्ता दाखव."

कागद उलगडल्याचा आवाज आला. डाव्या हाताचं बोट ओळींखालून फिरवत ते वाचत गेले.

"बरोबर आहे त्यांचं. अधिकच्या जागी मी उणे धरलंय."

"जाऊ द्या आता, बाबा."

"रडतेस कशाला? नऊ जणांना वही पाठवली मी. यांच्याआधी उत्तर एकाचंही आलं नव्हतं. पेन आहे?"

"तुम्हाला लिहिता कुठे येतंय?"

"तू लिही. सप्रेम नमस्कार. चूक मान्य आहे."

"लिहिलं. पुढे?"

"पुढे त्यांना विचार, पहिली एकोणचाळीस पानं कशी वाटली?"