मोदकपात्राखाली जिलबी

मेधा : माझ्या मोदकपात्राची चाळण कुठे आहे, ते आधी सांगा.

नंदकुमार : आहे. घरातच आहे.

मेधा : अहो, घरात म्हणजे कुठे?

अक्षरा : जिलबीच्या टँकवर. आई, प्लीज रागावू नकोस. बाबानं हीटर बनवलाय.

मेधा : सापाला हीटर? कुवेतमध्ये? बाहेर माणसं करपतायत!

नंदकुमार : बाहेर ना? घरात एसी चोवीस तास. गारठलीय बिचारी, म्हणून खात नाही. हे बघ, वर मोदकपात्राचं झाकण, त्यात सिरॅमिकचा बल्ब. उजेड नाही, नुसती ऊब. खाली तुझी चाळण, म्हणजे चटका नको बसायला.

मेधा : आणि गणपतीत मोदक कशात उकडू? तुमच्या डोक्यावर?

अक्षरा : आई, उद्या तौफीक अंकल तिला अर्दियाला त्यांच्या घरी घेऊन जाणार. नाही खाल्लं तर देऊन टाकू, असं तूच म्हणालीस.

मेधा : म्हणाले. उपाशी जीव बघवत नाही मला, मग तो साप का असेना. त्यांच्याकडे इतके साप आहेत, त्यांना कळतं त्यातलं.

नंदकुमार : एकदा बघ तरी.

मेधा : दारातूनच बघणार हं. किती आहे टेंपरेचर?

नंदकुमार : एकतीस! तेवढं झालं की आपोआप बंद.

मेधा : ते वर. ती बसलीय तिथे?

अक्षरा : ट्वेंटी-टू.

मेधा : अहो, सेन्सर बल्बला कशाला चिकटवलात? बल्ब तापला की मशीनला वाटतं, झालं काम. खाली पेशंट गारच! तुम्ही आपले शर्कच्या ऑफिसात बसून बँकेचे हिशेब करा.

नंदकुमार : मग कुठे लावू?

मेधा : हॉस्पिटलात एनआयसीयूत आमच्या नवजात बाळांनाही वरूनच ऊब देतो. पण सेन्सर बाळाच्या अंगावर.

अक्षरा : स्नेकला टेप लावायची?

मेधा : काहीतरीच! ती बसते त्या फरशीला लाव. तशी नाही गं, निघेल. सरका दोघं. द्या इकडे टेप.

नंदकुमार : मेधा, तुझा हात आत गेलाय.

मेधा : बोलू नका. बोललात की आठवेल मला.

(दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी.)

अक्षरा : आई! शी एट! अख्खा उंदीर खाल्ला!

मेधा : ओरडू नकोस, दचकेल ती. अगंबाई, खरंच की! तो फुगवटा बघा. माझी शहाणी ती!

नंदकुमार : शेवटी माझा हीटर—

मेधा : हीटर तुमचा, सेन्सर माझा.

अक्षरा : आई, तू रडतेयस?

मेधा : रडू नको तर काय करू? किती दिवसांनी जेवलीय पोर.

नंदकुमार : बेल वाजली. तौफीक असणार. काय सांगू त्याला?

मेधा : चहा टाकलाय म्हणावं. आणि तो सापाचा डबा खाली गाडीतच राहू दे.